फरशी लख्ख, पण मैल गेला कुठे?

व्यापारी संकुले, मॉल, पेट्रोल पंप आणि उपाहारगृहे यांच्या बाहेरची फरसबंदी उच्चदाबाच्या फवाऱ्याने धुण्याची पद्धत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता रुळली आहे. पानाच्या पिचकाऱ्या, वाहनांतून गळलेले तेल, पावसाळ्यात साचलेले शेवाळ असा खराट्याला दाद न देणारा मळ या यंत्रापुढे काही मिनिटांत निघतो. निसरड्या पायऱ्यांवरून ग्राहक घसरू नये, ही अपेक्षाही रास्तच आहे. मात्र या स्वच्छतेसाठी पाणी कोठून आले आणि धुतलेला मैल कोठे गेला, हे दोन प्रश्न सफाईच्या कंत्राटात क्वचितच विचारले जातात. त्यांची किंमत मात्र साऱ्या शहराला मोजावी लागते.

यंत्र दोषी नाही

उच्चदाबाचे यंत्र म्हणजे पाण्याची उधळपट्टी, हा समज अर्धवट आहे. व्यावसायिक वापराच्या यंत्रातून साधारणपणे १०० ते २०० बार इतक्या दाबाने पाणी बाहेर पडते. पण त्याचे प्रमाण मिनिटाला १० ते १५ लिटरच्या आसपास असते. पूर्ण सोडलेल्या रबरी नळीतून याहून अधिक पाणी वाहू शकते आणि तेवढ्याच जागेला वेळही जास्त लागतो. म्हणजेच नळी टाकून यंत्र घेणे हे तत्त्वतः बचतीचेच आहे.

खरी गोम वापराच्या सवयीत आहे. कधीमधी डाग काढण्यासाठी घेतलेले यंत्र रोज पहाटे धूळ ढकलण्यासाठी वापरले, की बचतीचे गणित कोलमडते. मिनिटाला १० लिटर या हिशेबाने दोन तासांत १,२०० लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरले, तर ही नऊ माणसांची दिवसाची गरज झाली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरविलेले प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. त्या मापाने हेच पाणी एकवीस जणांना पुरून उरते. मुंबईची तहान भागविणारे भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेची धार कळते.

‘आम्ही पालिकेचे नव्हे, कूपनलिकेचे पाणी वापरतो’ असा युक्तिवाद यावर केला जातो. तोही टिकणारा नाही. भूजलातून उपसलेल्या पिण्यायोग्य पाण्याच्या नासाडीला व गैरवापराला मनाई करणारा आदेश केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्येच काढला आहे.

जाळीखालचा प्रवास

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्यांची रचना वेगवेगळी आहे. मलवाहिनीतले पाणी कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथील केंद्रांकडे जाते. रस्त्याकडेच्या जाळीतून पडणारे पाणी मात्र प्रक्रियेविनाच नाल्यांत, मिठी नदीत आणि अखेर समुद्रात पोहोचते. संकुलाच्या आवारात धुतलेले तेल, साबण, उपाहारगृहाच्या मागील दारची चरबी, टायरची भुकटी आणि माती हे सारे बहुधा याच जाळीत ढकलले जाते.

यातील माती नाल्यात बसते आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करदात्यांच्या पैशाने उपसावी लागते. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर नाल्यांच्या वहनक्षमतेची एवढी चर्चा झाली. पण त्या नाल्यांत आपल्या दारातून काय जाते, याचा हिशेब ठेवण्याची सवय लागली नाही. खासगी आवाराची झळाळी आणि सार्वजनिक नाल्याचा गाळ या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

अमेरिकेत १९७२ च्या शुद्ध जल कायद्याची व्याप्ती १९८७ मध्ये पावसाळी पाण्याच्या वाहिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे तेथील अनेक शहरांत फरसबंदी धुणाऱ्या कंत्राटदाराला जाळी बंद करून मळके पाणी शोषून घ्यावे लागते. दुष्काळ पडताच तर धुण्यावरच बंधने आली. कॅलिफोर्नियाने जुलै २०१४ मध्ये पदपथ पिण्याच्या पाण्याने धुण्यास मनाई केली आणि दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. आरोग्य व सुरक्षिततेची तातडीची गरज तेवढी अपवाद ठरली. केपटाऊननेही २०१८ च्या टंचाईत फरसबंदीवर नळ सोडणे निषिद्ध ठरविले. आपल्याकडे बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये वाहने धुणे, बागकाम, बांधकाम अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर केला. परंतु टंचाई ओसरली की शिस्तही ओसरते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

कंत्राटातच उत्तर

मुंबईत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या सखोल स्वच्छता मोहिमेत रस्ते धुण्यासाठी पुनर्प्रक्रिया केलेल्या पाण्याचा मार्ग पुढे आला. खासगी संकुलांनाही तो अनुसरता येईल. मात्र फवाऱ्याचे तुषार श्वासावाटे शरीरात जातात, म्हणून असे पाणी नीट निर्जंतुक केलेले असणे अत्यावश्यक आहे.

उपाय खर्चिक नाहीत. आधी कोरडे झाडून कचरा उचलावा. सांडलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावे. फवारा डागांपुरताच वापरावा. जाळी झाकून मळके पाणी गाळ व तेल अडविणाऱ्या टाकीमार्गे, पालिकेच्या परवानगीने, मलवाहिनीत सोडावे. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतील वाळू जोरदार फवाऱ्याने निघून जाते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात, म्हणून दाब बेताचा ठेवणे मालकाच्याही हिताचे आहे. एवढ्या दाबाची धार कातडी भेदू शकते. तेव्हा साध्या चपलेत आणि उघड्या डोळ्यांनी यंत्र हाताळणाऱ्या कंत्राटी कामगाराला बूट, हातमोजे व चष्मा देणे ही मेहेरबानी नव्हे, ती मालकाची जबाबदारी आहे.

आजचा सफाईचा मोबदला फरशीच्या चकाकीवर ठरतो. पाण्याचा स्रोत आणि मळक्या पाण्याचा मार्ग या दोन अटी कंत्राटात आल्या आणि परवान्याचे नूतनीकरण करताना पालिकेने त्या तपासल्या, तर चित्र बदलू शकेल. तोवर दारातला मैल शेजारच्या नाल्यात लोटणे, एवढाच या स्वच्छतेचा अर्थ उरतो.