आकड्याखाली मात्रा लिहा

गणपती जवळ आले की हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रात्र-रात्र काम चालते, आणि पेण-रोह्याच्या बेंजो पार्ट्या व ऑर्केस्ट्रा तालमींना बसतात. या ताफ्यांत बास गिटार हाती घेणारा नवा मुलगा बहुधा टॅबवरून शिकतो. त्याला शिकवणाऱ्या आमच्या वाचकांसाठी हे चार शब्द.

टॅबची सोय मोठी आहे. चार तारांच्या चार रेघा. वरची रेघ बारीक जी तारेची, खालची जाड ई तारेची. रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. नोटेशन न येणाराही लवकरच गाण्याचा बास वाजवू लागतो. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण नेहमीचा टॅब बोट कुठे ठेवायचे एवढेच सांगतो, किती वेळ ठेवायचे ते सांगत नाही. बासचे निम्मे काम त्या वेळेत आहे. केहरव्याच्या आठ मात्रांत समेवरचा सा किती धरायचा आणि कुठे तोडायचा, यावर डग्ग्याला मोकळी जागा मिळते की सगळा गलका होतो, हे ठरते. साच्यातून मूर्ती निघते, डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते, हे हमरापूरकरांना सांगायला नको. टॅबचेही तसेच आहे. व्हेनिसमध्ये १५०७ साली पेत्रुच्चीने छापलेल्या ल्यूटच्या टॅबमध्ये आकड्यांवर कालखुणा होत्या. आजच्या साध्या टॅबमधून त्याच गळाल्या आहेत.

दुसरी अडचण पट्टीची. पांढरी एकचा सा ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, त्याखालचा मंद्र ध त्याच मोकळ्या तारेवर, म्हणजे टॅबमध्ये ०. आयत्या वेळी गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली, तर शून्याखाली जायला जागाच नाही. तोच ध ई तारेच्या चौथ्या पडद्यावर शोधावा लागतो. नुसते आकडे पाठ केलेला मुलगा इथे थांबतो. ‘सा, मग ध’ हे ज्याला ठाऊक, तो वाजवत राहतो.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. भातखंडे पद्धतीत सम, टाळी, खाली आणि मात्रांचे विभाग लिहिता येतात. कोमल, तीव्र, मंद्र, तार यांच्याही खुणा आहेत, आणि तिचा सा कोणत्याही पट्टीचा असतो. म्हणून टॅबच्या चार रेघांखाली दोन ओळी वाढवा: एक सरगमची, एक मात्रांची. मुलाला आधी मात्रा हातावर मोजायला लावा, मग सरगम म्हणायला, आणि त्यानंतर वाद्य हाती द्या. गाणे बसले की तेच शेजारच्या पट्टीत वाजवून घ्या. शेवटी कागद काढून घेऊन एखादे सोपे गाणे नुसते ऐकून बसवायला सांगा.

गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईचे चित्रपटसंगीत उभे करण्यात मोठा वाटा उचलला, कारण कागद पाहताना त्यांना स्वर आणि काळ दोन्ही दिसत. आपल्या मुलांनाही ते दिसले पाहिजे. शिक्षकांनो, येत्या तालमीत बसणाऱ्या पहिल्याच गाण्याच्या टॅबखाली या दोन ओळी लिहा.