पट्टा माणसाला नको, इमारतीला बांधा

पोटावर चौदा-पंधरा किलोंचे ओझे बांधलेला विद्यार्थी, बुटाची नाडी बांधताना त्याची उडणारी तारांबळ आणि भोवती मित्रांचे हसू. विज्ञान शिक्षणाच्या बातम्यांत असे छायाचित्र अधूनमधून झळकते. खालचा मजकूर ठरलेला असतो: मुलांना मातृत्वाच्या यातना कळल्या.

हे विधान मला अमान्य आहे. उपकरणाशी माझे भांडण नाही. अमेरिकेतील प्रसूतिपूर्व शिक्षिका लिंडा वेअर यांनी घडवलेली ‘एम्पथी बेली’ विचारपूर्वक रचलेली आहे. बरगड्यांभोवतीचा पट्टा श्वास आखडतो, आतले वजन मूत्राशयावर दाब आणते, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि कंबर मागे वाकते. यांत्रिकीचा धडा म्हणून उत्तम. परंतु अखेरच्या तिमाहीत वजन ही केवळ डोळ्यांना दिसणारी बाजू असते. रक्ताचे आकारमान सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलेले असते, हृदयाला दर मिनिटाला कितीतरी अधिक रक्त ढकलावे लागते, उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार महाशिरेवर पडून भोवळ येते. यातले पट्ट्यात काय आहे? शिवाय तो बांधायचा कोणाला, तर पोटभर जेवलेल्या धडधाकट तरुणाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. तो दम पट्ट्याने लागत नाही.

आणि पट्टा सोडता येतो.

नकली अनुभवाने सहानुभूती वाढते, हेही गृहीतच. मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन स्वतः अंध आहेत. त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलेल्यांना अंध माणसे पूर्वीपेक्षा अधिक असमर्थ वाटू लागली. दहा मिनिटे धापा टाकलेला आपला विद्यार्थी उद्या नोकरी देणारा झाला, तर गर्भवतीला सवलत देईल की ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून वाटेला लावील?

मी राहतो त्या झिरकपुरात उंच इमारती सतत उठत असतात. तिथे दिवस भरत आलेली बाई डोक्यावर विटा घेऊन चढताना दिसते. तिला विद्यार्थ्याच्या कळवळ्याचा काय उपयोग? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी पोटाला ओझे बांधले नव्हते. त्यांनी हा भार सरकारनेही उचलावा असे बजावले, आणि १९२९ साली कायदा झाला.

पट्टा फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो वर्गात मात्र बांधू नये. तो बांधून विद्यार्थ्याला सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठला उभे करावे आणि हाती टेप, घड्याळ व वही द्यावी. केसपेपरच्या खिडकीपुढे किती मिनिटे उभे राहावे लागले? बाकडी किती, बायका किती? शौचालय किती पावलांवर, तिथे धरायला दांडी आहे का? तपासणीच्या टेबलाची उंची किती आणि चढायला पायरी आहे की नाही? यातले एकही उत्तर ‘मला कसे वाटले’ या वाक्याने सुरू होत नाही. अशा वीस वह्या अधीक्षकांच्या टेबलावर ठेवाव्यात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन तीच मोजमापे घ्यावीत.