आरोग्यविचार : धाकट्या मातेचा मुक्काम

होळी उलटली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एक विषय हटकून डोकावू लागतो. पत्रे धारची असोत, देवासची असोत वा इंदूरची, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. मुलाला 'माता' आली आहे, औषध द्यावे की नाही? आंघोळ केव्हा घालावी? परीक्षेला बसू द्यावे काय? यंदा देवासच्या एका भगिनींचे पत्र मात्र निराळे आहे. त्यांच्या नातवाला अंगभर कांजिण्या उठल्या आहेत, आणि लेक पहिल्या बाळंतपणासाठी आठवड्याभरात सासरहून माहेरी यावयाची आहे. लेकीला लहानपणी कांजिण्या झाल्याचे कोणासच आठवत नाही. घरातील वडील मंडळी म्हणतात, "छोटी माताच ती, तिचे एवढे काय?" लेकीला बोलवावे की थांबवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्ही त्यांना 'थांबवा' असे तातडीने कळविले आहेच. परंतु त्यामागील कारणे इतर घरांसही उपयोगी पडतील म्हणून येथे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम त्या 'छोटी' शब्दाविषयी. देवीच्या रोगास 'बडी माता' आणि कांजिण्यांस 'छोटी माता' म्हणण्याचा प्रघात इकडे जुना आहे. देवासकरांच्या कानी तर हे शब्द टेकडीवरूनही येतात. तेथे तुळजाभवानी ती बडी माता, चामुंडा ती छोटी माता आणि दोघी बहिणी, अशी लोकांची श्रद्धा आहे. ज्या गावात दोघा पवार बंधूंची थोरली पाती व धाकटी पाती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली, तेथे दोन रोगांनाही थोरली-धाकटी बहीण समजले गेले तर नवल नाही. टेकडीवरील देवतांच्या नात्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. रोगांचे नाते मात्र मुळीच नाही. देवीचा विषाणू एका कुळातला, कांजिण्यांचा सर्वस्वी दुसऱ्या. हे दोन रोग भिन्न आहेत हे इंग्लंडातील वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६७ साली स्पष्ट करून दाखविले. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर दाट, आणि एका भागातील सारे एकाच वेळी पिकणारे. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर अधिक आणि टप्प्याटप्प्याने येणारे. एकाच पाठीवर कोठे नुसता लाल ठिपका, कोठे पाण्याने भरलेला फोड, तर कोठे वाळलेली खपली दिसते.

भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. बडी माता गेली, छोटी राहिली. तेव्हा ज्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे, त्यांनी तो वण कांजिण्यांपासूनही आपले रक्षण करील असे समजू नये. नाव धाकटे म्हणून रोगही क्षुल्लक, हा समजही तितकाच निराधार आहे.

कांजिण्या पसरतात त्या मुख्यतः हवेतून. रुग्णाच्या श्वासातून व फोडांतील पाण्यातून विषाणू बाहेर पडतात आणि एका खोलीत बसणाऱ्या-निजणाऱ्यांच्या श्वासावाटे आत जातात. ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही टोचलेली नाही, अशा घरातील दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांना त्या होतात. इतका हा रोग सांसर्गिक आहे. लागण झाल्यापासून फोड दिसेपर्यंत बहुधा दोन आठवडे, क्वचित दहा दिवस, क्वचित एकवीस दिवस जातात. म्हणूनच 'आमच्याकडे तर कोणी आजारी नव्हते, मग आली कोठून?' असा प्रश्न पडतो. ती दोन आठवड्यांपूर्वीच्या लग्नातून आलेली असते.

याहून अडचणीची गोष्ट म्हणजे, पहिला फोड दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस रुग्ण दुसऱ्यांस रोग देऊ लागलेला असतो. तेव्हा मुलाला वेगळ्या खोलीत ठेवले तरी भावंडे सुटतीलच असे नाही. तरीही वेगळे ठेवावे, कारण घरात पुढे कोण येणार आहे हे आपल्या हाती असते. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, रोग पसरू शकतो. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. देवीच्या खपल्यांतून संसर्ग होत असे, कांजिण्यांच्या वाळलेल्या खपल्यांतून तो होत नाही. परीक्षेचे उत्तरही यातच आले. फोड ओले असताना मुलाला परीक्षेच्या खोलीत बसविणे म्हणजे चाळीस घरांना आमंत्रण देणे होय. वर्षाचे नुकसान आम्हांस कळते. शाळेला आधी कळवून वेगळी व्यवस्था होते का ते पाहावे, परंतु पावडर लावून फोड झाकून मुलाला धाडू नये.

आता रूढीविषयी. माळव्यात शीतला सप्तमी होळीनंतरच्या सप्तमीस येते, तर महाराष्ट्रातील रीत जपणाऱ्या आपल्या घरांतून ती श्रावणात पाळली जाते. कांजिण्यांचा भर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो, तेव्हा माळव्याची तिथी ऋतूशी अधिक जुळते, हे आपले सहज नमूद करतो. माता आलेल्या घराच्या दारी कडुनिंबाची डहाळी लावावयाची, पाहुण्यांनी यावयाचे नाही, घरच्यांनी कोठे जावयाचे नाही, ही चाल आम्हांस अत्यंत शहाणपणाची वाटते. संसर्ग रोखण्यासाठी याहून सोपी खूण कोणते सरकार काढणार? फोडणी घालू नये या नियमानेही कोणाचे बिघडत नाही, मात्र मुलाला वरण-भात, दूध, फळे भरपूर मिळाली पाहिजेत. आमचा विरोध आहे तो दोन गोष्टींना. आंघोळ बंद आणि औषध बंद. 'औषध दिल्यास माता कोपते' या समजुतीपायी ताप डोक्यात गेलेली मुले दवाखान्यात फार उशिरा पोहोचतात.

कोमट पाण्याची रोजची आंघोळ मुलाला सोसते आणि खाजही कमी होते. टॉवेलने घासू मात्र नये, अंग टिपून घ्यावे. नखे बारीक कापावीत. कायमचे वण राहतात ते बहुधा खाजवून फोडात दुसरे जंतू शिरल्यामुळे. खाजेवर कॅलामाइन लावावे. तापावर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. कांजिण्यांत ते दिल्याने मुलांच्या यकृतास व मेंदूस घातक इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आयब्युप्रोफेनही टाळलेले बरे. ताप उतरून पुन्हा चढला, फोडाभोवतीची कातडी लाल, गरम व दुखरी झाली, मूल झोपाळलेले वा तोल जाऊन चालू लागले, श्वास जलद झाला, तर रात्र काढू नये. धारकरांनी व देवासकरांनी आपापले जिल्हा रुग्णालय गाठावे. इंदूरला न्यावे की नाही हे तेथील डॉक्टर ठरवितील.

बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत खेळू लागतात, हे खरेच. धोका आहे तो मुलाच्या आसपास वावरणाऱ्या मोठ्या माणसांना. उष्ण देशांत पुष्कळ माणसे कांजिण्या न होताच वयात येतात, आणि मोठेपणी हा रोग कितीतरी अधिक कडक असतो. न्यूमोनिया होण्याचा संभव असतो, धूम्रपान करणाऱ्यास विशेष. इंदूरच्या वसतिगृहांतून शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. मोठ्या माणसाला फोड दिसताच, शक्यतो चोवीस तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने असायक्लोव्हिर सुरू केल्यास रोग सौम्य होतो. 'आधी पूर्ण बाहेर पडू द्या' म्हणत तीन दिवस थांबल्यास ती वेळ निघून जाते. ज्यांची कर्करोगावर चिकित्सा चालू आहे वा जे स्टेरॉइड घेत आहेत, त्यांच्यासाठी तर कांजिण्या हा गंभीर आजार आहे.

आणि गर्भवती. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या प्रश्नाचा गाभा हाच. पहिल्या वीस आठवड्यांत गर्भवतीस कांजिण्या झाल्यास गर्भात व्यंग येण्याचा संभव असतो. तो शंभरांत सुमारे दोन, वा त्याहूनही कमी असल्याने भीतीने गर्भपाताचा विचार करण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोनोग्राफी करून पाहावे. दिवस भरत आल्यावर निराळे भय असते. बाळंतपणापूर्वी पाच दिवस ते बाळंतपणानंतर दोन दिवस या अवधीत आईच्या अंगावर फोड उठले, तर विषाणू बाळापर्यंत पोहोचतो, परंतु आईच्या रक्तातील संरक्षण पोहोचण्यास वेळ मिळालेला नसतो. अशा नवजात बाळाच्या जीवावर बेतू शकते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे भाचरांनी भरलेले घर! लेकीला लागण होऊन दोन-तीन आठवड्यांनी फोड उठावयाचे, नेमके तेव्हाच दिवस भरावयाचे, असा योग जुळून येणे मुळीच अवघड नाही.

म्हणून नातवाच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत लेकीने येऊ नये. त्यानंतरही घरात दुसरे एखादे न झालेले मूल असेल, तर त्याला तीन आठवडे उलटेपर्यंत धास्ती राहतेच. तेव्हा या खेपेस आईनेच लेकीच्या सासरी जाऊन राहावे हे अधिक सोपे. मात्र आईला स्वतःला पूर्वी कांजिण्या होऊन गेलेल्या असाव्यात. रीत मोडली म्हणून कोणी बोल लावल्यास या अंकाकडे बोट दाखवावे. आणि लेक आधीच येऊन नातवासोबत बसली-उठली असल्यास? घाबरू नये, पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. रक्त तपासून पूर्वीचे संरक्षण आहे की नाही हे कळते. ते नसल्यास दहा दिवसांच्या आत विशिष्ट प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन देता येते. गर्भवतीस कांजिण्यांची लस मात्र टोचत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे.

'एकदा होऊन गेली की सुटलो' असे सारेच म्हणतात. कांजिण्या बहुधा पुन्हा होत नाहीत, क्वचित होतात, इतके खरे. परंतु सुटका होत नाही. खपल्या गळतात तेव्हा विषाणू मेलेला नसतो. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन दडतो आणि तेथे आयुष्यभर मुक्काम करतो. पन्नाशी-साठीनंतर, वा शरीर खंगल्यावर, तो एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत उतरतो, आणि अंगाच्या एकाच बाजूस आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. हीच आपली 'नागीण'. नागीण झालेल्या वृद्धांच्या घरातील मुलांना कांजिण्या होतात हे बुडापेस्टचे वैद्य बोकाय यांनी १८९२ साली नोंदविले. पुढे इंग्लंडातील सायरेन्सेस्टर या लहान गावी दवाखाना चालविणारे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून, विषाणू शरीरात सुप्त राहून पुन्हा जागा होतो, हा विचार १९६५ साली मांडला. मोठी प्रयोगशाळा नाही, साधा गावचा डॉक्टर आणि त्याच्या वह्या! आपल्याकडील तरुण डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी.

नागिणीची दोन तोंडे कमरेभोवती मिळाली की माणूस जातो, ही समजूत निव्वळ खोटी आहे. ज्या तंतूत विषाणू जागा होतो त्याच बाजूस फोड येतात, म्हणून पट्टा बहुधा मध्यरेषा ओलांडत नाही. नागीण झाडून घेण्यासाठी वा काव फासण्यासाठी गावोगाव हिंडण्यात जे तीन दिवस जातात, तेच औषधाचे दिवस असतात. बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्यास फोड लवकर वाळतात. फोड कपाळावर, डोळ्याजवळ वा नाकाच्या शेंड्यावर असल्यास त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. दृष्टी जाऊ शकते. फोड वाळल्यावरही महिनोन्‌महिने ठणका राहणे हा नागिणीचा सर्वांत त्रासदायक अवशेष होय. पदराचा स्पर्शही सहन होत नाही अशी तक्रार वृद्ध स्त्रिया करतात, ती नाटकी समजू नये. तिच्यावर निराळी औषधे आहेत.

लसीविषयी बरेच जण विचारतात. अमेरिकेत काम करीत असताना आपल्या लहान मुलाचे कांजिण्यांतील हाल जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी १९६४ साली पाहिले, आणि त्यातूनच दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांची लस तयार झाली. आपल्याकडे ती सरकारी लसीकरणात नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन टोचून घ्यावी लागते. दोन मात्रा, पहिली पंधराव्या महिन्यानंतर. कांजिण्या न झालेल्या मोठ्यांनाही ती घेता येते, आणि लग्न ठरलेल्या मुलींनी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी ती घेऊन ठेवावी असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरात रुग्ण निघाल्यावरही तीन ते पाच दिवसांच्या आत टोचल्यास पुष्कळदा रोग टळतो वा सौम्य होतो. 'मुद्दाम आजारी मुलाबरोबर खेळू द्या, एकदाची होऊन जाऊ द्या' हा शेजारणींचा सल्ला मानू नये. कोणत्या मुलाला तो आजार कडक जाईल हे शेजारीण सांगू शकत नाही. पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. ती महाग आहे, पण मधुमेही व वृद्धांनी आपल्या डॉक्टरांना विचारून पाहावे.

धारच्या एका वाचकांनी शेवटी विचारले आहे की, आजीला नागीण झाली आहे, तर सहा महिन्यांच्या नातीला आजीजवळ झोपवावे काय? फोडांवर खपली धरेपर्यंत झोपवू नये. नागिणीतून नातीला नागीण होणार नाही, परंतु फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने कांजिण्या होऊ शकतात. पट्टा कपड्याने झाकून, हात साबणाने धुऊन आजीने लांबून अंगाई म्हणण्यास हरकत नाही.