अंगणातलं पाणी आणि गरनाळं

मे संपत आला की बडोद्याच्या अलकापुरीत दोन प्रकारचे टेम्पो फिरू लागतात. एकात पेव्हर ब्लॉक, दुसऱ्यात नर्सरीतली झाडं. पुष्कळदा दोन्ही एकाच बंगल्यासमोर थांबतात. आधी अंगण फरसबंद करायचं, मग त्यावर कुंड्या मांडायच्या आणि याला लँडस्केपिंग म्हणायचं. कारण विचारलं तर शेजारच्या बाईंचं उत्तर ठरलेलं: "बेन, कादव बहु थाय छे." चिखल होतो, हे खरंच आहे. इथली काळी चिकण माती चपलेला धरली की सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तीच अशी भेगाळते की फटीत बोट जावं.

पण चिखल टाळायचा म्हणजे पाणी दुसऱ्याच्या दारात लोटायचं, हे काही मला पटत नाही.

बडोद्याचा पाऊस कोकणासारखा रोज हजेरी लावणारा नाही. आठ-आठ दिवस तोंड फिरवतो आणि मग एका दिवसात सगळी बाकी चुकती करतो. ३१ जुलै २०१९ कोण विसरेल? चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पडला होता. हजार चौरस फुटांच्या अंगणावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण २,३६० लिटर पाणी. वीस इंचांचं गणित ज्यानं त्यानं करावं. इतकं पाणी कुठलीच माती पिऊ शकत नाही, कबूल. पण असा दिवस क्वचित येतो. एरवीची अर्धा-पाऊण इंचाची सर मोकळं अंगण बऱ्यापैकी पोटात घेतं. फरशीवरून मात्र थेंबन्‌थेंब फाटकाबाहेर, तिथून रस्त्यावर, आणि रस्त्याच्या उताराने स्टेशनकडच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात. गरनाळं भरलं, गाड्या अडकल्या, की आपण छत्री धरून व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडायला मोकळे!

बाग करायची तर आधी पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते बघावं. पहिल्या दोन-तीन सरी काहीच लावू नये. ओट्यावर बसावं, डबकं साचतं तिथे काठी रोवावी. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन-अडीच इंच ढाळ हवा, नाहीतर भिंतीला ओल आलीच. आणि जिथे काठ्या रोवल्या तिथे भर घालून जमीन सपाट करायची नाही. उलट तोच भाग वीतभर खोलगट करायचा, मातीत भरपूर शेणखत आणि पालापाचोळा मिसळायचा. गच्चीची पन्हळही तिकडेच वळवायची. माती किती पिते ते बघायचं तर फूटभर खड्डा खणून त्यात पाणी भरून ठेवावं. सकाळपर्यंत तसंच दिसलं तर त्या जागी पपई लावू नये. पपईला साचलेलं पाणी दोन दिवससुद्धा सोसत नाही. खालची पानं पिवळी पडतात, माना टाकतात आणि बुंधा मातीपाशी मऊ पडतो. मग औषध आणायला धावण्यात अर्थ नसतो. शेवग्याचीही तीच तऱ्हा. त्यांना उंचवट्यावर जागा द्यावी. खोलगटात कर्दळ, अळू आणि काठाने वाळा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात आणि पाऊस आठवडाभर गायब झाला तरी झाड कुरकुरत नाही.

हिरवळीचा मोह आपल्याला राजवाड्याकडून आला असावा, असा मला संशय आहे. लक्ष्मीविलासच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाची. त्यानंतर क्रुम्बिगल आले, तेच पुढे बंगळुरूच्या लालबागेमुळे नावाजले. पण त्या आवारात नुसती हिरवळ नाही, नवलखी वावही आहे. पावसाचं पाणी जमिनीत राखायचं आणि वैशाखात पायऱ्या उतरून काढायचं, ही समज हिरवळीपेक्षा कितीतरी जुनी. आपण राजवाड्यातलं लॉन तेवढं उचललं. वर्षातले आठ महिने कोरडे जाणाऱ्या गावात नळाच्या पाण्यावर गवत पोसायचं, आणि पावसाळ्यात ते फुकट हिरवं होतं तेव्हा त्यावर खुर्च्या मांडायच्या. ओल्या चिकण मातीवर पाय पडले की ती दबून घट्ट होते, मग पाणी वरच राहतं आणि गवत सडतं. जुलै-ऑगस्टात लॉनवर निदान पाहुणे तरी नेऊ नयेत.

आमच्या माळीकाकांना आभाळ भरून आलं की युरिया टाकायची घाई होते. "वरसाद मां सारु लागे," म्हणतात. तासाभरात धो-धो कोसळतो आणि पैसे गटारात जातात. खत द्यायचं ते उघडीप मिळाल्यावर, थोडं थोडं.

अलकानगरीतल्या आपल्या घराच्या बागेचं वर्णन कालिदासाच्या यक्षाने ढगालाच ऐकवलं आहे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. मेघदूतातल्या त्या घराच्या आवारात मंदाराचं लहान झाड आहे, तांबडा अशोक, बकुळ, केळींचं कुंपण असलेला क्रीडापर्वत आणि पाचूच्या पायऱ्यांची विहीर. म्हणजे पाण्याला धरायची जागा आवारातच. आमच्या अलकापुरीच्या यक्षांकडे पाचू नसेल, पण चार बाय सहाचा खोलगट तुकडा तरी जमावा.

हे सांगितलं की शेजारच्या बाई दोन हरकती घेतात. पहिली डासांची. ती रास्त आहे, पण डासाच्या अंड्याचा उडता डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. नीट केलेल्या खोलगटातलं पाणी दीड-दोन दिवसांत जिरतं. डास वाढतात ते कुंड्यांखालच्या बशांमध्ये आणि गच्चीवर पडलेल्या जुन्या टायरमध्ये. दुसरी हरकत मगरीची. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीच्या मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हापासून अंगणात पाणी दिसलं की त्यांना शेपटी दिसते. मी त्यांना सांगितलं, मगर नदीच्या पुराबरोबर येते. आणि अंगणापर्यंत पूर आलाच तर तिला तुमचे पेव्हर ब्लॉकही चालतील.