प्रकाशक की मुद्रक?

आपल्या महाविद्यालयात कविता लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वही भरली की पुस्तकाची स्वप्ने पडू लागतात, आणि नेमके त्याच वेळी एखादे 'प्रकाशन' दारात उभे राहते. अमुक हजार भरा, संग्रह काढून देतो, शंभर प्रती तुमच्या! वडिलांचा बोनस जातो, प्रकाशन-समारंभात हार पडतात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली सरकतात.

याला प्रकाशन म्हणायला माझी तयारी नाही. पैसे घेऊन छापून देणारा तो मुद्रक. मुद्रकाचा धंदा प्रामाणिकच आहे. त्याने प्रकाशकाची पाटी लावली की घोटाळा सुरू होतो. प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो, म्हणून तो हस्तलिखित वाचतो, आणि म्हणूनच पुष्कळदा परतही करतो. जो कोणाला नकारच देत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती काय?

नवख्याला कोण विचारतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते. भालचंद्र नेमाडे आणि गिरीश कार्नाड दोघेही १९३८ साली जन्मलेले. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६३ साली 'कोसला' काढली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने 'ययाति' १९६१ साली छापले, तेव्हा कार्नाड त्याहूनही लहान. धारवाड तर आपल्याला हाकेच्या अंतरावर! अर्थात प्रत्येक वहीत 'कोसला' नसते, हेही खरे.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखकाच्या वतीने बोलणी करणारा एजंट असतो. मराठीत ती प्रथा फारशी रुजली नाही. त्यामुळे चौकशी आपली आपणच करायची. प्रकाशकाची आधीची पुस्तके ग्रंथालयात काढून पाहावीत. मुद्रितशोधन कसे आहे, आपल्या जातीचे लेखन तो काढतो का, हे तासाभरात कळते. त्याची पुस्तके दुकानात येतात का, हे दुकानदाराला विचारावे. त्याच्या एखाद्या लेखकाला गाठून मानधनाचा हिशेब वेळेवर मिळतो का, हेही विचारावे, संकोच कसला? आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी वेगळे पैसे मागितले, तर तो क्रमांक भारतात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, हे त्याला सांगून पाहावे. चेहरा पाहण्यासारखा होतो.

आणि सही करण्यापूर्वी करारपत्र वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'सर्व हक्क कायमचे' असे लिहून घेणारे हा नियम पुरेपूर ओळखून असतात. ती ओळ खोडायला सांगावी. प्रकाशक खोडत नसेल, तर वही घेऊन सरळ घरी यावे.