गाऱ्हाणे

वार्षिक अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की मेजावर कोणते कागद येऊन पडणार, हे आम्हांस आधीच सांगता येते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी फुलपाखरू झालो तर’, ‘माझे आवडते शिक्षक’. (या तिसऱ्या विषयावर लिहिणारांचे आवडते शिक्षक दरवर्षी अंकाच्या संपादक मंडळातच कसे असतात, हे कोडे अद्याप सुटलेले नाही.) यंदा मात्र या गठ्ठ्यात दहावीतल्या एका विद्यार्थ्याची आठ पाने निघाली. शीर्षक, ‘मला न आवडणाऱ्या गोष्टी’. ती वाचून मंडळात दोन तट पडले. वार्षिक अंक घरोघर जातो, आजी-आजोबा तो चष्मा लावून वाचतात, त्यात मुलांची रडगाणी कशाला, काही शुभ असावे, असे एका पक्षाचे म्हणणे. आमचे मत निराळे आहे, आणि ते येथे मांडावयाचे आहे.

आधी त्या आठ पानांत काय आहे ते सांगितले पाहिजे. सकाळची बस भरली की थांब्यावर थांबत नाही आणि रिकामी असली की वेळेपूर्वी निघून जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री ध्वनिक्षेपकाचा आवाज चढतो. प्रवासी छायाचित्रासाठी भर रस्त्यात उभे राहतात आणि शाळेची मुले शेताच्या कडेने चिखलातून जातात. एखाद्या नटाच्या मुलाने कोणते बूट घातले हे दिवसभर दाखविले जाते. पण पेडण्याकडचा एखादा वृद्ध दशावतारी नट वारला तर त्याची बातमी त्याच्या वाड्याबाहेर जात नाही. आणि ‘मोबाइल ठेव’ असे सांगणारी वडील मंडळी हे वाक्य मोबाइलमधून मान वर न काढताच उच्चारतात! या शेवटच्या वाक्याला आम्ही समासात खूण केली आहे, ती चुकीची नव्हे.

नटनट्यांविषयीचा त्याचा त्रागा मोठा आहे. दोन पाने त्यातच गेली आहेत. पण हे वेड आजचे आहे असे त्याने मानू नये. बालगंधर्व रंगभूमीवर जे नेसत, ज्या रीतीने फुले माळीत, त्याचे अनुकरण त्या काळच्या घरंदाज स्त्रियाही करीत. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांच्या ताना गुणगुणत हिंडणारे तरुणही त्या काळी थोडे नसतील, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना पोथी वाचावयास सांगितले असेल. फरक इतकाच की, त्या चाहत्यांना तिकीट काढून रात्रभर बसावे लागे. ते कीर्तीबरोबर पदेही ऐकत. आज काम न पाहताच माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला की काहीतरी विकू लागतो. येथे आमच्या विद्यार्थ्याने नटांना जी विशेषणे लावली आहेत, त्यांपेक्षा उपयोगाची गोष्ट त्यास सांगावीशी वाटते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, आणि पुढे तीन वर्षांपर्यंत, तिला अशा शिफारशी करण्यास मनाई करता येते. आपण सांगतो ते खरे आहे की नाही याची योग्य ती चौकशी आधी केली असेल, तरच सुटका. ‘तो लबाड आहे’ या वाक्याने कोणाचे काही बिघडत नाही. ‘या जाहिरातीतला अमुक दावा कशाच्या आधारे केला?’ या प्रश्नाने बिघडू शकते.

आमच्या गावांकडे ‘गाऱ्हाणे’ या शब्दाला एक अर्थ आहे, जो पुस्तकी मराठीत मागे पडला. पुस्तकात गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. गावात गाऱ्हाणे ‘घालतात’. देवळासमोर, जत्रेच्या वा शिगम्याच्या दिवशी, गावाच्या वतीने एक जण उभा राहतो, देवतेला नाव घेऊन हाक मारतो, काय उणे आहे ते सांगतो, काय हवे ते मागतो, आणि जमलेले लोक ‘व्हय’ म्हणून त्याला दुजोरा देतात. या साऱ्या प्रकारात त्रागा नाही. ज्याच्याकडे मागावयाचे त्याचे नाव ठाऊक आहे. मागणे एकट्याचे नाही. आणि ते मोठ्याने, चारचौघांत केले आहे. कुरकुर आणि गाऱ्हाणे यांत अंतर आहे ते हेच. कुरकुर करणारा भिंतीशी बोलतो.

तो ध्वनिक्षेपकच घ्या. विद्यार्थ्याने लिहिले आहे, ‘कोणालाच काही वाटत नाही.’ पण कोणाला तरी वाटले होते, म्हणूनच तर 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक उघड्यावर लावता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नव्हे. निवासी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरपर्यंतचा टापू शांतता क्षेत्र म्हणून राखता येतो. एवढे ठाऊक असलेला मुलगा वडिलांची सही घेऊन चार ओळींचा अर्ज लिहू शकतो. शेजारच्या चार घरांनी खाली सह्या केल्या की तेच त्यांचे ‘व्हय’. अर्जाने आवाज त्याच रात्री बंद होईल असे मात्र आम्ही म्हणत नाही. आम्हीही याच गावात राहतो.

आता ‘शुभ लिहा’ म्हणणारांकडे वळू. 1961 पूर्वीच्या गोव्यात शुभच छापले जात होते. सालाझारच्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. सभेला परवानगी, भाषणाला परवानगी. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले ते या बंदीला न जुमानता, आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवले. बोलणे आणि लिहिणे एवढाच ज्यांचा अपराध, त्यांची ही गत. चष्मा लावून अंक वाचणाऱ्या आजोबांना यातले बरेच आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. नातवाने बसविषयी तक्रार छापली म्हणून ते दचकतील, हे आम्हांस खरे वाटत नाही.

शिवाय वयाचे म्हणाल, तर लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रात आपली पत्रे लिहावयास प्रारंभ केला तो 1848 मध्ये, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. आळस, कर्मकांड, अज्ञान यांवर ते स्वतःच्याच ज्ञातीला धारेवर धरीत होते. ती सारी पत्रे वाचून कोणाच्याही तोंडी ‘किती शुभ!’ असे आले नसावे.

आठ पानांतील एकच गाऱ्हाणे असे आहे की ज्यावर आम्हांस सल्ला सुचला नाही. तो लिहितो : घरी कोंकणी, वर्गात मराठी, दुकानात हिंदी, अर्जावर इंग्रजी, चारही ठिकाणी माझे बोलणे ऐकून कोणी ना कोणी हसते. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात स्थान राहिले. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. या गोष्टी आम्ही वर्गात शिकवितो. परंतु ‘मेळिल्लें’ म्हणता म्हणता जीभ ‘मिळाले’कडे वळते, त्या क्षणी मुलाच्या मनाला जो संकोच वाटतो, त्यावर कोणत्याही राजपत्रात कलम नाही. आमची मातृभाषाही कोंकणीच. मराठीने आमच्या घरी पोथ्या, आरत्या आणि नाटके आणली, कोंकणीने आम्हांस जेवू घातले. हसणारांमध्ये शिक्षकही असतात, असे त्याने कंसात लिहिले आहे. ते कंस आम्ही काढले, वाक्य ठेवले.

अंकात हा लेख आम्ही घेत आहोत. दोन नटांना दिलेली टोपणनावे आणि एका वाहकाच्या स्वभावाविषयीचा, पुरावा नसलेला तर्क एवढेच गाळले आहे. शेवटचे गाऱ्हाणे, वार्षिक अंकाची पहिली सहा पाने पाहुण्यांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांत जातात व मुलांचे लेख जागेअभावी कापले जातात, हे मात्र अक्षरशः छापले आहे. छायाचित्रेही आहेत, परंतु या वर्षी पाने चार आहेत.