आधी कायदा, मग ॲप

न्यूझीलंडने १८६७ मध्ये संसदेत तिथल्या मूळनिवासी माओरींसाठी चार जागा ठेवल्या. माओरी वाढले, जागा मात्र सव्वाशे वर्षे चारच. १९९३ च्या कायद्याने जागांचा आकडा माओरी मतदारयादीच्या आकाराशी बांधला आणि २००२ पर्यंत जागा सात झाल्या. माओरी यादीत राहायचे की सर्वसाधारण, हे माओरी मतदारच ठरवतो. पूर्वी यादी बदलण्याची संधी पाच-सहा वर्षांतून एकदा येई. २०२३ पासून, निवडणुकीआधीचा ठरावीक काळ सोडला, तर ती केव्हाही मिळते, घरबसल्या ऑनलाइनसुद्धा. मात्र ही सोय कामाची ठरली, कारण यादीतल्या प्रत्येक नावाला कायद्याने आधीच वजन दिले होते. कोणत्याही नव्या ॲपसाठी नारळ फोडताना आपणही हा क्रम ध्यानात ठेवावा.

– संपादक